सर्व्हरवर पासवर्ड ओळखण्याचे सतत प्रयत्न होत आहेत. कोणते सॉफ्टवेअर बसवावे?

ग्रंथसेवक (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. मी तेथे नोकरीला नाही; संगणकातले थोडेफार कळते एवढ्यावर कार्यवाहांनी हे काम माझ्याकडे सोपवले आणि गेल्या दिवाळीनंतर वाचनालयाची ग्रंथसूची व देवघेव मी ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर आणली. प्रणाली भाड्याच्या एका लहान आभासी सर्व्हरवर, डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर चालते. सभासद घरबसल्या पुस्तक शोधतात, मुदत वाढवून घेतात आणि ग्रंथपाल दुसऱ्या पत्त्यावरून देवघेवीची नोंद करतात.

गेल्या आठवड्यात सहज म्हणून ‘लास्टबी’ ही आज्ञा चालवली, तर यादी संपता संपेना. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, गिट अशा नावांनी कोणीतरी दर काही सेकंदांनी एसएसएचमधून, म्हणजे सर्व्हरवर दुरून काम करण्याच्या मार्गाने, आत शिरू पाहत आहे. एका रात्रीतल्या नोंदी मोजल्या, त्या चार हजारांहून अधिक भरल्या. आमच्या गावच्या वाचनालयाशी कोणाचे एवढे वैर असावे, हे मला उमगलेले नाही.

शोध घेतल्यावर फेलटूबॅन, डिनायहोस्ट्स, एसएसएचगार्ड आणि क्राउडसेक ही नावे मिळाली. यांतले कोणते बसवावे? सर्व्हरमध्ये मी आणि अडीअडचणीला मदत करणारा माझा भाचा असे दोघेच जातो, दोघेही पासवर्ड वापरतो, आणि तो पासवर्ड फार अवघड आहे असे मला म्हणवत नाही. मी आठवडाभर पुण्यात असतो आणि बहुतेक वेळा मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडणी करतो. त्यामुळे बंदोबस्त करताना मीच बाहेर राहिलो, तर शनिवारपर्यंत वाचनालयाचे काम अडेल, ही मुख्य भीती आहे. सॉफ्टवेअर मोफत असावे, कारण वाचनालयाच्या अनुदानात यासाठी वेगळी तरतूद नाही.

कृष्णाकाठ

वैर कोणाचेच नाही, त्यामुळे तेवढी चिंता सोडावी. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते सगळे एकामागून एक ठोठावून पाहणे आज अगदी किरकोळ काम झाले आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. एका साध्या यंत्रावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, एका पोर्टसाठी (एखाद्या सेवेच्या ठरलेल्या दारासाठी) सगळे इंटरनेट पाऊण तासाच्या आत पालथे घालता येते, हे त्यांनी दाखवले. आपला सर्व्हर सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात त्याची नोंद अशा कित्येक यंत्रांकडे झाली असणार. ती यंत्रे चालवणाऱ्याला ते वाचनालय आहे की बँक, हे ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नसते.

मात्र आपण विचारलेल्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे, तो म्हणजे इतक्या दिवसांत यांतला एखादा प्रयत्न यशस्वी झाला का? ‘लास्टबी’ फक्त फसलेले प्रयत्न दाखवते. यशस्वी प्रवेश ‘लास्ट’ या आज्ञेने दिसतात. जर्नलमधील, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतील, एसएसएचच्या नोंदींत ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि त्यांतला प्रत्येक पत्ता आपला किंवा भाच्याचा आहे याची खात्री करावी. ज्या ओळींत ‘इनव्हॅलिड यूजर’ असे आहे, त्या नावाचे खातेच सर्व्हरवर नाही. त्या वाचत बसू नयेत. रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) आणि प्रत्येक खात्याच्या अधिकृत किल्ल्यांच्या, म्हणजे पासवर्डाशिवाय प्रवेश देणाऱ्या किल्ल्यांच्या, फाइलीत अनोळखी ओळ नाही ना, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) आपण न लिहिलेले काम नाही ना, हेही पाहावे. आत शिरलेला माणूस पुन्हा येण्याची सोय बहुधा याच दोन ठिकाणी करून ठेवतो. त्याने रूटचा अधिकार मिळवला असेल तर नोंदीही पुसलेल्या असू शकतात, त्यामुळे काहीही संशयास्पद आढळले तर साफसफाई करत न बसता बॅकअपवरून नवा सर्व्हर उभारणेच योग्य.

आणि पासवर्ड आजच बदलावा. सॉफ्टवेअर कोणतेही निवडा, पण ते निवडेपर्यंत जुना पासवर्ड तसाच ठेवू नका.

ग्रंथसेवक

मनःपूर्वक आभार. पासवर्ड बदलला. ‘ॲक्सेप्टेड’ असलेल्या सर्व ओळी पाहिल्या. मोबाइलच्या जोडणीमुळे माझा पत्ता दर वेळी वेगळाच निघतो, म्हणून प्रत्येक ओळीची वेळ माझ्या आणि भाच्याच्या आठवणीशी ताडून पाहण्यात दोन तास गेले. परंतु सगळे प्रवेश आमचेच आहेत. क्रॉन आणि किल्ल्यांच्या फाइलींतही काही आढळले नाही. आता मूळ प्रश्नाकडे वळू या.

सह्यकडा

माझे मत आधीच सांगतो: आपण विचारलेली चारही सॉफ्टवेअरे दुसऱ्या क्रमांकाचे काम करतात. पहिल्या क्रमांकाचे काम कोणतेही नवे सॉफ्टवेअर न बसवता होते, आणि ते म्हणजे एसएसएचमध्ये पासवर्ड चालणेच बंद करणे. जेथे पासवर्ड विचारलाच जात नाही, तेथे तो ओळखणार कसा? (पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, सर्व्हरवर ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने लिहावी लागतील.)

चौघांविषयी थोडक्यात. डिनायहोस्ट्स विसरून जावे. ते हल्लेखोराचे पत्ते ‘होस्ट्स डॉट डिनाय’ या फाइलीत लिहिते. ती फाइल वाचण्याची टीसीपी रॅपर्स नावाची जुनी सोय ओपनएसएसएचने (एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरने) २०१४ साली ६.७ या आवृत्तीत काढून टाकली. डेबियनने स्वतःचे ठिगळ लावून ती चालू ठेवली, हा वेगळा भाग. पण नव्या कामाची सुरुवात ठिगळावर करू नये. एसएसएचगार्ड सी भाषेत लिहिलेले, हलके आणि गुणांवर चालणारे आहे: प्रत्येक हल्ल्याला १० गुण, ३० गुण झाले की दोन मिनिटांची बंदी आणि तोच पत्ता पुन्हा सापडला तर दर वेळी दीडपट वाढणारी मुदत. फक्त एसएसएच सांभाळायचे असेल तर मला तेच आवडते. फेलटूबॅन पायथनमध्ये लिहिलेले असून २००४ पासून चालत आले आहे. कोणत्याही सेवेच्या नोंदींची फाइल वाचून, आपण दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी मोजून, मर्यादा ओलांडली की तो पत्ता फायरवॉलमध्ये अडवायचा, अशी त्याची रीत आहे. क्राउडसेक हे एका फ्रेंच कंपनीचे, गो भाषेतले, मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे हल्ला करणारा पत्ता ते मध्यवर्ती ठिकाणी कळवते आणि इतरांनी कळवलेल्या पत्त्यांची यादी आपल्याला देते. कळवणे बंदही ठेवता येते. मात्र नुसते क्राउडसेक बसवले तर ते हल्ला फक्त ओळखते. अडवण्यासाठी ‘बाउन्सर’ नावाचा भाग वेगळा बसवावा लागतो. तो न बसवता महिनोन्महिने निश्चिंत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

आपल्यासाठी फेलटूबॅन पुरेसे आहे, कारण वापरणारे पुष्कळ आहेत आणि अडचण आली तर उत्तर सापडते. परंतु त्याच्या मर्यादेचा हिशेब एकदा मांडून पाहावा. त्याची मूळ मांडणी अशी आहे की, दहा मिनिटांत पाच चुका झाल्या तर दहा मिनिटांची बंदी. आता ज्या हल्लेखोराला ही मांडणी ठाऊक आहे, तो दहा मिनिटांत चारच प्रयत्न करील. त्याच्यावर कधीच बंदी येणार नाही आणि एका पत्त्यावरून त्याचे दिवसाला ५७६ प्रयत्न होतील. त्याच्या हाताखाली एक हजार बळकावलेली यंत्रे असतील, तर दिवसाला पावणेसहा लाख. गावाचे नाव आणि पुढे वर्ष असा पासवर्ड एवढ्या प्रयत्नांत टिकणार नाही. उलट, लहानमोठी इंग्रजी अक्षरे आणि अंक अशा ६२ चिन्हांतून यादृच्छिक रीतीने निवडलेल्या १२ चिन्हांच्या पासवर्डाच्या शक्यता तीनवर एकवीस शून्ये एवढ्या होतात. तेथे हल्लेखोर आयुष्यभर बसला तरी काही बिघडत नाही, मग फेलटूबॅन असो वा नसो. म्हणजे दुबळ्या पासवर्डाला ते पुरेसे तारत नाही आणि भक्कम पासवर्डाला त्याची फारशी गरज नाही. मधल्या पट्ट्यात ते उपयोगी आहे. शिवाय नोंदींचा कचरा कमी होतो, हा फायदा खरा आहे.

म्हणून पासवर्डाऐवजी किल्लीच्या जोडीने, म्हणजे एक खासगी आणि एक सार्वजनिक अशा दोन जुळणाऱ्या फाइलींनी, प्रवेश करावा. आपल्या लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ने एड२५५१९ प्रकारची जोडी तयार करावी, खासगी किल्लीला परवलीचे वाक्य द्यावे, आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावी. भाच्याची जोडी वेगळी असावी. एकच किल्ली दोघांत वाटून घेऊ नये, कारण उद्या त्याचा लॅपटॉप हरवला तर आपल्याला फक्त त्याची ओळ खोडता आली पाहिजे. किल्लीने प्रवेश होतो हे पाहिल्यानंतरच ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ आणि ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन’ हे दोन्ही पर्याय ‘नो’ करावेत. दुसरा राहून गेला तर ‘पॅम’ या लिनक्सच्या पडताळणी-यंत्रणेच्या मार्गाने पासवर्ड विचारणे चालूच राहू शकते, आणि पुष्कळांचे घोडे येथेच पेंड खाते.

बाहेर अडकण्याची आपली भीती रास्त आहे. बदल करताना एक जोडणी उघडी ठेवावी, एसएसएच सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहावा. सेवा पुन्हा सुरू केल्याने चालू जोडणी तुटत नाही, त्यामुळे काही चुकले तर पहिल्या खिडकीतून दुरुस्त करता येते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या संकेतस्थळावर बहुधा कन्सोलची, म्हणजे सर्व्हरचा पडदा थेट पाहण्याची, सोय असते. ती सर्व्हरच्या नेटवर्कच्या मार्गाने जात नसल्यामुळे फायरवॉलमध्ये स्वतःलाच अडवले तरी उपयोगी पडते. तिचा प्रवेश आजच तपासून ठेवावा. गरज पडेल त्या दिवशी तिचाही पासवर्ड आठवत नाही, असे नेहमी होते.

पोर्ट २२ बदलण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. बदलल्याने गोंगाट कमी होतो, संरक्षण वाढत नाही. बदललाच तर फेलटूबॅनलाही नवा पोर्ट सांगावा, नाहीतर बंदी जुन्या पोर्टवर बसत राहील आणि हल्लेखोर नव्या पोर्टवर मोकळा.

माळरान

सह्यकडा यांच्या किल्लीविषयीच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण ‘फेलटूबॅन बसवून टाका’ या भागाविषयी सावध करावेसे वाटते, विशेषतः ते एसएसएचपलीकडे न्यायचा विचार असेल तर.

एका शाळेचा सर्व्हर माझ्याकडे होता. प्रयोगशाळेतील चाळीस संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे होते. जूनमध्ये नव्या इयत्तेला पहिल्यांदाच पासवर्ड दिले गेले, मुलांनी ते स्वाभाविकपणे चुकवले आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळी प्रयोगशाळा, मुख्याध्यापकांचा संगणकही त्यात आला, बाहेर फेकली गेली. मी बंदीची मुदत मोठ्या उत्साहाने एक आठवडा ठेवली होती. शिक्षकांना वाटले सर्व्हर बंद पडला. मला मात्र माझ्या घरच्या जोडणीवरून तो व्यवस्थित चालताना दिसत होता, आणि या विसंवादात आमचा अर्धा दिवस गेला.

मोबाइलच्या इंटरनेटवर हे आणखी बिकट आहे. सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे जुन्या प्रकारचे पत्ते पुरेसे नसल्यामुळे असंख्य ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा एक वेगळा पट्टा २०१२ मध्ये राखूनही ठेवला गेला. आपल्या पुण्याच्या मोबाइलचा आजचा पत्ता काल कोणाचा होता आणि त्याच्यामागून आणखी कोण काय करत आहे, हे आपल्या हातात नाही. म्हणून कायमची बंदी कधीही घालू नये. तासाभराची मुदत ठेवून, पुन्हा सापडल्यास ती वाढत जाईल असा पर्याय फेलटूबॅनमध्ये ०.११ या आवृत्तीपासून आहे, तो वापरावा.

उलट दिशेची अडचण आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, आहे. तेथे एका साध्या ग्राहकालाही बहुधा ६४ बिटांचा संपूर्ण पट्टा मिळतो. त्यातला एक पत्ता अडवला तर त्याच्याकडे पुढचे अब्जावधी शिल्लकच असतात. एकेक पत्ता मोजणे ही कल्पना एका टोकाला निरपराधांना अडकवते आणि दुसऱ्या टोकाला हल्लेखोराला सोडते. वाचनालयाच्या सभासदांच्या प्रवेशावर अशी पत्त्यानुसार बंदी लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

तालिकाकार

मी दोन ग्रंथालयांचे कोहा सांभाळते, म्हणून एसएसएच बाजूला ठेवून थोडे कोहाविषयी लिहिते. माझ्या मते खरी उघडी खिडकी तेथे आहे. एसएसएच उद्या किल्लीवर जाईल. सभासद आणि ग्रंथपाल मात्र पासवर्डच वापरत राहणार.

ग्रंथसेवक, सभासदांची जुनी यादी कोहात आणताना आपण पासवर्ड काय ठेवलेत? पुष्कळ ठिकाणी वापरकर्त्याचे नाव म्हणजे सभासद क्रमांक आणि पासवर्ड म्हणजे मोबाइल क्रमांक, किंवा दोन्हीकडे सभासद क्रमांकच, असे करतात. क्रमांक ओळीने असतात. तेव्हा हल्लेखोराला काहीच ओळखावे लागत नाही, फक्त मोजता आले पाहिजे. सभासदाच्या खात्यातून फार तर त्याचा पत्ता आणि त्याने काय वाचले ते कळेल, असे कोणी म्हणेल. पण माणूस काय वाचतो हे दुसऱ्याला कळू न देणे हे ग्रंथालयाचे जुने कर्तव्य आहे. कर्मचाऱ्यांच्या खात्याची बाब तर उघडच आहे.

कोहाच्या प्रणाली-प्राधान्यांत ‘फेल्डलॉगिनअटेम्प्ट्स’ असा पर्याय आहे. तेथे संख्या घातली की तितक्या चुकांनंतर ते खाते गोठते. तो वापरावा, पण त्याची दुसरी बाजू समजून. येथे मोजणी पत्त्याची नसून खात्याची आहे, त्यामुळे माळरान यांनी सांगितलेली प्रयोगशाळेची अडचण येत नाही. मात्र कोणी खोडसाळपणे सभासद क्रमांक एकापासून पुढे प्रत्येकी दहा चुकीचे पासवर्ड टाकत गेला, तर सगळे सभासद गोठतील आणि सोमवारी ग्रंथपालांसमोर रांग लागेल. मी ही संख्या दहा ठेवली आहे. पाच ठेवली होती तेव्हा ज्येष्ठ सभासदच अधिक अडकत. मराठीतून इंग्रजी कळफलकावर येताना पहिले दोन-तीन प्रयत्न असेच वाया जातात. याशिवाय पासवर्डाची किमान लांबी ठरवण्याचा आणि अंक, लहान अक्षर, मोठे अक्षर सक्तीचे करण्याचा पर्याय तेथेच आहे. कर्मचाऱ्यांसाठी द्विस्तरीय पडताळणी २२.०५ या आवृत्तीपासून आली आहे. किमान पूर्ण अधिकार असलेल्या खात्यांना ती लावावी.

फेलटूबॅन कोहाला जोडण्याचा मोह होईल, पण त्यात फार वेळ घालवू नये. अपाचे या वेब सर्व्हरच्या नोंदींत चुकलेला आणि बरोबर आलेला प्रवेश नीट वेगळा ओळखता येत नाही. कोहा स्वतः फसलेल्या प्रयत्नांची नोंद करू शकते, पण ती डेटाबेसमध्ये जाते, फेलटूबॅनला वाचता येईल अशा साध्या फाइलीत जात नाही.

आणि देवघेवीचा पत्ता, म्हणजे कर्मचाऱ्यांचा भाग, साऱ्या जगाला उघडा ठेवण्याचे कारणच काय? तो फक्त वाचनालयातल्या दोन संगणकांवर आणि आपल्याला लागतो. वाचनालयाच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत असल्यामुळे ‘फक्त या पत्त्याला परवानगी’ असे करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी वायरगार्ड, म्हणजे दोन संगणकांत सांकेतिक खासगी बोगदा उभारणारे सॉफ्टवेअर, वापरावे. २०२० पासून, ५.६ या आवृत्तीपुढील लिनक्सच्या गाभ्यात ते आहेच. प्रत्येक संगणकाला एक किल्ली द्यायची, आणि देवघेवीचा पोर्ट फक्त त्या बोगद्यातून उघडायचा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे ते तेथे आहे हेही बाहेरून कळत नाही. ग्रंथपालांना काही शिकावे लागत नाही. संगणक सुरू झाला की बोगदा आपोआप जोडला जातो. राउटरमागे असलेल्या संगणकावर दर २५ सेकंदांनी एक पाकीट पाठवत राहण्याचा पर्याय तेवढा चालू करावा, नाहीतर दुपारच्या सुट्टीनंतर ‘बंद पडले’ असा दूरध्वनी येईल.

ग्रंथसेवक

सर्वांचे मनापासून आभार. तालिकाकार ताई, आपला अंदाज अचूक निघाला: आमच्या सगळ्या सभासदांचा पासवर्ड त्यांचा मोबाइल क्रमांकच होता. ते काम कार्यवाहांपुढे ठेवले आहे. नवे पासवर्ड वर्गणीच्या पावतीसोबत लिहून द्यावेत असे ठरत आहे, कारण निम्म्या सभासदांचा ईमेल पत्ता आमच्याकडे नाही.

शनिवारी प्रत्यक्ष गावी जाऊन, सर्व्हरच्या कन्सोलचा प्रवेश आधी तपासून, सांगितलेल्या क्रमाने काम केले. दोन ठिकाणी अडलो, ते पुढच्या वाचकांसाठी लिहून ठेवतो.

पहिले असे की, मुख्य फाइलीत ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहून सेवा पुन्हा सुरू केली, किल्लीने प्रवेश झाला, आणि मी समाधानाने चहाला गेलो. परत येऊन भाच्याच्या लॅपटॉपवरून, जेथे अजून किल्ली नव्हती, सहज प्रयत्न केला, तर सर्व्हरने पासवर्ड विचारला आणि आत घेतलेही. तासाभराने उलगडा झाला. मुख्य फाइलीच्या अगदी वरच एका उपफोल्डरातील फाइली वाचण्याची सूचना आहे, आणि सर्व्हरच्या तयार प्रतिमेत तेथे ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची एक फाइल होती, जिच्यात हाच पर्याय ‘येस’ होता. एसएसएच पहिले सापडलेले मूल्य धरते, नंतरचे सोडून देते. म्हणजे माझी ओळ कधी विचारातच घेतली गेली नव्हती. एसएसएचडीला (एसएसएचच्या सर्व्हरवरील भागाला) मोठ्या अक्षरातील ‘टी’ हा पर्याय देऊन चालवले की शेवटी लागू असलेले सगळे पर्याय दिसतात, हे आधी माहीत असते तर बरे झाले असते.

दुसरे, फेलटूबॅन बसवले पण ते सुरूच होईना. त्याला ‘ऑथ डॉट लॉग’ ही फाइल हवी होती आणि ती सर्व्हरवर नव्हतीच.

सह्यकडा

डेबियन १२ वर हे होतेच. त्या आवृत्तीपासून नोंदी फाइलींत लिहिणारा आरसिसलॉग मुळात बसवला जात नाही, नोंदी फक्त सिस्टिमडीच्या (सर्व्हरवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) जर्नलमध्ये जातात, आणि फेलटूबॅन मात्र जुन्या सवयीने फाइल शोधते. ‘जेल डॉट लोकल’ या फाइलीत एसएसएचडीच्या विभागाखाली ‘बॅकएंड’ या पर्यायाला ‘सिस्टिमडी’ हे मूल्य द्यावे, आणि पायथनचा सिस्टिमडीसाठीचा पॅकेज बसवलेला आहे ना ते पाहावे. ‘जेल डॉट कॉन्फ’मध्ये हात घालू नये, ती फाइल पॅकेजची आहे, पुढच्या अद्ययावतीकरणात आपले बदल अडचणीत येतील.

सुरू झाल्यावर ते खरोखर अडवते का, हे स्वतःवर प्रयोग करून पाहू नये. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखीव आहेत, प्रत्यक्षात कोणाचेच नाहीत. त्यांतल्या एकावर ‘फेलटूबॅन-क्लायंट’मधून हाताने बंदी घालावी, फायरवॉलच्या नियमांत तो दिसतो का ते पाहावे, आणि काढून टाकावी.

पुढे डेबियन १३ वर जाल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ओपनएसएसएचने जुलै २०२४ मधील ९.८ या आवृत्तीत एसएसएचडीचे दोन भाग केले, त्यामुळे प्रत्येक जोडणीच्या नोंदी ‘एसएसएचडी-सेशन’ या नावाने येतात. फेलटूबॅनचे जुने नमुने कुठून उचलून आणलेले असतील, तर ते त्या ओळी ओळखणार नाहीत आणि सगळे शांत आहे असे वाटत राहील. त्याच आवृत्तीत ‘पर-सोर्स-पेनल्टीज’ ही सोयही आली आहे: चुका करणाऱ्या पत्त्याला एसएसएच स्वतःच दंड लावते, प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला पाच सेकंद, साठत गेला तर जास्तीत जास्त दहा मिनिटे. ती मुळातच चालू असते. माळरान यांनी म्हटलेला आयपीव्ही६ चा पट्टा एकत्र मोजण्याची सोयही तेथे आहे, फक्त ती हाताने ठरवावी लागते. त्यामुळे निव्वळ एसएसएचसाठी वेगळे सॉफ्टवेअर शोधण्याची वेळ कदाचित आपल्यावर पुन्हा येणार नाही.

ग्रंथसेवक

बॅकएंड बदलल्यावर फेलटूबॅन सुरू झाले, राखीव पत्त्यावरचा प्रयोगही नीट झाला. भाच्याची किल्ली बसली, आणि ‘५०-क्लाउड-इनिट’मधील ओळ बदलल्यानंतर किल्ली नसलेल्या तिसऱ्या संगणकावरून आता पासवर्ड विचारलाच जात नाही.

एक शंका राहते. आज सकाळी पाहिले तर जर्नलमध्ये रूट आणि ॲडमिनच्या नावाने ठोठावणे चालूच आहे; ‘फेल्ड पासवर्ड’ ही ओळ दिसत नाही, त्याऐवजी जोडणी पडताळणीपूर्वीच बंद झाल्याची नोंद येते. याचा अर्थ काही चुकले आहे का?

कृष्णाकाठ

काहीही चुकलेले नाही. ती यंत्रे येतात, येथे पासवर्ड चालत नाही असे उत्तर मिळते, आणि निघून जातात. उद्या पुन्हा येतील. त्या ओळी वाचणे सोडून द्यावे. त्यापेक्षा ‘ॲक्सेप्टेड’ असलेली ओळ उमटली की आपल्याला आणि भाच्याला ईमेल जाईल एवढी व्यवस्था करावी. दोघांच्या सर्व्हरवर आठवड्यातून मोजक्याच अशा ओळी येतील, आणि मागच्या वेळेसारखे दोन तास आठवत बसावे लागणार नाही.